उपकार कोणाचे? : चोखामेळ्याच्या स्तवनाचा एक विचार

चोखामेळ्याविषयी आपल्याकडे साधारणपणे दोन तऱ्हांनी बोलले जाते. कीर्तनकार म्हणतो, पाहा, केवढे हाल, केवढी विटंबना, तरी या भक्ताने देवाचे उपकारच आठवले. आपल्यातला शिकलेला तरुण म्हणतो, ज्या देवाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिले नाही त्याचेच गोडवे गाणारा हा माणूस आमचा पूर्वज असेल, पण आदर्श नव्हे. पहिला ज्या गोष्टीचे कौतुक करतो तिचाच दुसऱ्याला संताप येतो. पण चोखोबाने मानलेले आभार म्हणजे आपल्या स्थितीला त्याने दिलेली संमतीच होती, याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे. माझे म्हणणे असे की हे एकमतच एकदा तपासून पाहिले पाहिजे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. बी.ए.च्या वर्गात भक्तिचळवळ शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, चोखोबानं आभार नेमके कशाचे मानले?" वर्गात हशा पिकला. मी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले आणि तास संपवला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. खरे तर तो आमच्या घरात माझ्या आधीपासूनच होता. त्याला शब्द त्या मुलीने दिले.

चोखामेळ्याचा जन्म आमच्या जिल्ह्यातला, देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा या गावचा, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याकडचे लोक आपला हक्क सांगतात, पंढरपूरजवळच्या अनगडचेही नाव घेतले जाते. आमच्याकडे या वादाला कोणी फारशी किंमत देत नाही. जिजाऊंचे सिंदखेड राजा तिथून जवळच आहे. १२ जानेवारीला तिकडे निघालेले आमच्यासारखे काही जण वाट वाकडी करून मेहुण्यालाही जाऊन येतात. खडकपूर्णा नदीवर धरण झाले, त्याच्या जलाशयाला संत चोखासागर असे नाव मिळाले. ज्याच्या स्पर्शाने पाणवठा बाटत होता त्याच्या नावाचे पाणी आज शेताला मिळते. विद्यार्थ्यांना मी हे धरणावर नेऊन सांगतो. काहींना ते नवल वाटते, काहींना वाटत नाही. ज्यांना वाटत नाही त्यांच्या वस्तीत टँकर कोणत्या गल्लीपर्यंत येतो हे मला माहीत असते.

चोखोबाचे साडेतीनशेच्या आसपास अभंग आज उपलब्ध आहेत. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी अभंग रचले. सोयराबाईचे साठेक आणि कर्ममेळ्याचे पंचवीसेक अभंग गाथेत आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या महारवाड्यातले एक सबंध घर असे बोलते आहे, आणि बायकांसकट बोलते आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या घराला सरासरी दोन पानांपेक्षा जास्त जागा दिलेली नाही, हे जाता जाता नोंदवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चोखोबाचे स्तवन समजून घ्यायचे तर तो ज्या गावात राहत होता त्या गावाने त्याच्याकडून काय काय घेतले हे आधी पाहिले पाहिजे. महाराची कामे आपल्याला पाठ आहेत. वेस राखायची, सांगावा पोचवायचा, अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, मयताची खबर परगावी न्यायची, सरपण फोडायचे. याबद्दल सुगीला बलुते आणि रोजची शिळी भाकर. हिशेबाने पाहिले तर ही मजुरी होती. पण मजुरी म्हणून ती कधी हातावर पडली नाही. ती मागावी लागे. दारापुढे, वळचणीपासून दूर उभे राहून, वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे, आणि पदरात पडल्यावर त्या घराला दुवा द्यावा लागे. कष्ट महाराचे आणि उपकार पाटलाचे, असा हा व्यवहार होता. गावगाड्याने आमच्याकडून श्रम फुकट घेतले हे आपण नेहमी सांगतो. त्याने आमच्याकडून कृतज्ञताही वसूल केली, हे आपण फारसे सांगत नाही. शेतसाऱ्यासारखीच ती वसुली होती. थकली की महार माजला असे गाव म्हणे, आणि माजलेल्या महाराचे काय करायचे हे गावाला ठाऊक असे.

माझे पणजोबा येसकर होते. त्यांची हकिगत मला आजीने सांगितली. आजी त्यांची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा म्हातारा थकला होता, तरी पाळीच्या दिवशी घुंगरांची काठी घेऊन भाकरी मागायला जात असे. परत आला की टोपले विठोबाच्या तसबिरीपुढे ठेवायचा, हात जोडायचा आणि मगच घरात वाटणी व्हायची. नव्या सुनेने एकदा विचारले, "मामाजी, देल्ली त पाटलीणबाईनं, अन् हात इठोबाले काऊन जोडता?" म्हातारा म्हणाला, "पाटलीणबाईले जोहार घालून आलो ना. तिचं तिले देल्लं. हे माह्यं हाय." आजीला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. मलाही तो बरीच वर्षे कळला नव्हता. पाटलिणीच्या दारात जे द्यावे लागले ते भाडे होते. घरी येऊन तसबिरीपुढे जे दिले ते त्याचे स्वतःचे होते, कोणी मागितलेले नव्हते. पोटात गेलेली भाकर एकच. पण ती कोणी दिली याचा निवाडा गावाच्या हाती राहू द्यायचा नाही, एवढे त्या निरक्षर माणसाने ठरवले होते.

हे ध्यानात घेऊन चोखोबाचा जोहार वाचावा. गावाच्या पाटलाला घालायचा तो जोहार तो विठ्ठलाला घालतो, आपण त्याच्या घरचा महार आहोत असे सांगतो आणि त्याच्याच ताटातले उष्टे मागतो. वाचताना आपल्याला लाज वाटते, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. शब्द सगळे महारकीचेच आहेत. उष्टे, दार, झाडलोट, राखण यांपलीकडे दुसरे शब्द त्याच्याजवळ नव्हते. पण या शब्दांचा रोख बदलला आहे. मायबाप कोण, अन्नदाता कोण, याचे जे उत्तर गावाने महाराला शिकवून ठेवले होते ते इथे पुसलेले आहे. पाटील, देशमुख, कुळकर्णी यांपैकी कोणीही त्या आभाराचा धनी राहत नाही.

यावर आक्षेप घेता येईल, आणि माझ्या मित्रांनी तो घेतलाही आहे. मालक बदलला, पण मालकी राहिलीच ना? वाड्यातल्या धन्याऐवजी राउळातला धनी, एवढाच फरक. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. राउळातल्या धन्याच्या किल्ल्या बडव्यांच्या कमरेला होत्या, आणि महाद्वारातून आत जाऊ पाहणाऱ्या चोखोबाला त्या धन्याने प्रत्यक्षात काहीही दिले नाही. महिपतीने १७६२ मध्ये पुरा केलेल्या 'भक्तविजया'त देव चोख्याच्या गळ्यात स्वतःचा हार घालतो, त्याच्या पंगतीला जेवतो, त्याला बसलेल्या थपडेचा वळ आपल्या गालावर दाखवतो. कथा गोड आहेत. पण त्या सर्व कथांच्या शेवटी देव आत असतो आणि चोखा बाहेर असतो, हे महिपतीला खटकलेले दिसत नाही. तेव्हा चोखोबाच्या स्तवनाने व्यवस्था हलली, असा दावा मी करत नाही. त्या स्तवनाने व्यवस्थेचे आभार मानायचे नाकारले, एवढेच माझे म्हणणे आहे. हे दोन्ही सारखे नव्हे, पण दुसरी गोष्ट क्षुल्लकही नव्हे.

शिवाय त्याचे सगळे अभंग आभाराचे नाहीत, हे कीर्तनकार सोयिस्करपणे गाळतो. उसाचा बाक पाहून रसाला वाकडा का म्हणता, असे विचारणारा चोखोबा सर्वांना पाठ आहे. पण सोवळे कोण आणि ओवळे कोण हे मला सांगा, वेदापासून देहापर्यंत विटाळाशिवाय काय आहे, असा उलटतपास घेणारा चोखोबाही त्याच गाथेत आहे. सोयराबाई तर त्याच्याही पुढे गेली. विटाळातूनच देह घडतो, मग विटाळाविना देह कोणता, हा तिचा प्रश्न बाळंतपणे काढलेल्या बाईचा प्रश्न आहे, शास्त्र्याला त्याचे उत्तर देता आले नसते. परंपरा सांगते की तिच्या बाळंतपणाला नवरा घरी नव्हता आणि विठ्ठलच नणंदेचे रूप घेऊन आला. मला या कथेत चमत्कारापेक्षा दुसरेच दिसते. अडलेल्या महारणीजवळ यायला गावातले कोणी तयार नव्हते, म्हणून कथेला देव आणावा लागला.

आणि कर्ममेळा. बापाच्या भक्तीत वाढलेल्या या पोराने देवाला सरळ जाब विचारला आहे. आम्हाला या हीन कुळात तूच घातलेस, उष्टे खायला तूच लावलेस, आणि आता आम्ही तुझे आभार मानायचे? त्याच्या अभंगांचा एकूण सूर असा आहे. एकाच घरात बाप स्तुती करतो, आई शंका काढते आणि मुलगा भांडतो. ही तीन मते तीन वेगळ्या पंथांतली नाहीत. एकाच चुलीभोवतीची आहेत. रात्री जेवण झाल्यावर हे लोक आपसांत काय बोलत असतील, याची कल्पना मी अनेकदा करतो. मला वाटते, महारवाड्यातली प्रत्येक पिढी ही तिन्ही बोलणी बोलत आली आहे. आमच्या घरात पणजोबा, आजी आणि माझे वडील यांची तीच वाटणी होती.

एक अभंग मात्र अडचणीचा आहे, आणि तो लपवणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. मागल्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून या जन्मी महार झालो, असे चोखोबाच्या नावावरच्या एका अभंगात आहे. इथे गावगाडा त्याच्या मनाच्या आत शिरलेला दिसतो. काही लोक म्हणतात, त्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे परंपराच सांगते, मग हा अभंग कोणाचा हे कसे ठरवायचे? शंका रास्त आहे. लिहिणारा हात, जपणारा मठ आणि छापणारा संपादक यांतले कोणीही महारवाड्यातले नव्हते. तरी मी हा अभंग त्याचा नव्हेच असे म्हणणार नाही. उपाशी माणूस स्वतःलाच दोष देतो, हे मी पाहिलेले आहे.

चोखोबाचे गाणे त्याच्या सुखाचा पुरावा मानणाऱ्यांसाठी एक दूरचा दाखला देतो. अमेरिकेतल्या गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. मळ्यावरचे गुलाम गातात म्हणजे ते समाधानी आहेत, असे उत्तरेकडचे लोक समजतात, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटते. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना, असे तो स्वानुभवाने सांगतो. त्या गाण्यांतही देवाची स्तुती होती. मळ्याचा मालक ती ऐकून निश्चिंत होत असे, आणि गाणाऱ्यांची पोरे त्याच गाण्यांतून पळून जाण्याच्या गोष्टी समजून घेत. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण कृष्णवर्णीयांचा विद्रोह वाचला. त्यांची भजने मात्र आपण वाचली नाहीत. वाचली असती तर चोखोबाविषयी थोडे सबुरीने बोललो असतो.

चोखोबाच्या मृत्यूची हकिगत सर्वांना माहीत आहे, पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते तिच्याविषयी मला बोलायचे आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. त्यावर महारांना लावले होते. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, वैशाखात ते कूस कोसळले आणि त्याखाली चोखामेळा मेला. नामदेव पंढरपुराहून आला. ढिगाऱ्यातून हाडे काढली जात होती. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोख्याची, असे ओळखून त्याने ती पंढरीला नेली आणि महाद्वारापुढे समाधी बांधली. मरणातही देवाचे नाव सुटले नाही, असे म्हणून कीर्तनकार इथे टाळ्या घेतो.

कथा सांगणाऱ्याला न सुचलेला एक प्रश्न मला सुचतो. चोख्याची हाडे ओळखायला नाद ऐकावा लागला, याचा अर्थ त्या ढिगाऱ्यात इतरांचीही हाडे होती. जी बोलली नाहीत ती कोणाची? ती कुठे गेली? त्यांच्या बायका कुठून आल्या असतील, कोणाच्या दारात उभ्या राहिल्या असतील? कूस बांधण्याचा हुकूम कोणी दिला होता, वैशाखाच्या उन्हात मजुरी काय होती, भिंत कच्ची कशी राहिली, याची चौकशी कोणी केली? ज्या गावकुसाच्या आत या माणसांना राहण्याची बंदी होती तेच कूस बांधताना ती मेली. या अपघाताची एकच नोंद उरली, तीही त्यांतल्या एकाने देवाचे स्तवन केले होते म्हणून. नामदेव आला नसता तर तीही उरली नसती. नामदेवाविषयी म्हणूनच माझ्या मनात आदर आहे. एका शिंप्याने महाराची हाडे हातांनी उचलली, चौदाव्या शतकात. पण ढिगाऱ्यातल्या बाकीच्यांचा हिशेब शिल्लक आहे.

त्याच मंगळवेढ्याची दुसरी एक कथा इथे आठवते. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंताने बादशाही कोठार लोकांना खुले केले, आणि बेदरच्या बादशहाची रक्कम भरायला विठ्ठल स्वतः 'विठू महार' होऊन गेला, जोहार घालून पावती घेऊन आला. महाराचे रूप घ्यायला देवाला अडचण नव्हती. अडचण होती ती महाराने देवाजवळ जाण्याची. दामाजीचे आभार महाराष्ट्र अजून मानतो, आणि मानावेत. पण ते धान्य पिकवले कोणी, वाहून कोठारात टाकले कोणी, हे कथेत येत नाही.

विसाव्या शतकात चोखोबाच्या कृतज्ञतेला वेगळे वारस मिळाले. आमच्या विदर्भात किसन फागू बनसोडे यांनी नागपूरला १९०७ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. पुढे वसतिगृहांना, पत्राला हेच नाव मिळाले, आणि काही काळ कित्येक महारांनी जातीच्या नावाऐवजी स्वतःला चोखामेळा म्हणवून घेतले. हा अभिमानाचा काळ होता. आमच्यातही संत झाला, हे सवर्णांना ऐकवण्याचा. तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्र्यंबकेश्वरी चोखामेळ्याचे मंदिर बांधावे असे काही मंडळींच्या मनात आले, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. देवळाची भर घालून काय साधणार, असा त्यांचा रोख होता. पुढे गांधींना दिलेल्या उत्तरात त्यांनी लिहिले की संतांनी माणूस आणि देव यांच्यातल्या नात्याचा विचार केला, माणूस आणि माणूस यांच्या समतेचा केला नाही. हे मत कठोर आहे, पण खरे आहे. महाद्वारातली समाधी रोज त्याची साक्ष देत होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोन गोष्टींत काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. मार्ग नाकारायचा आणि त्या मार्गाने चालून गेलेल्या आपल्या माणसाला मान द्यायचा, हे प्रत्येक घरात मुलगा बापाच्या बाबतीत करत असतो.

पंढरीचे दार उघडले ते १९४७ मध्ये. साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केले तेव्हा. चोखोबाला जाऊन सहाशे नऊ वर्षे झाली होती. आमच्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती, ती त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा शिक्षणाच्या कामी गेली. मला चोखोबाच्या स्मारकांत हेच सर्वांत मोठे वाटते.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीत जे भाषण केले त्यात ते कृतज्ञतेविषयी बोलले आहेत. याकडे आपले लक्ष कमी जाते. ज्या थोरांनी देशासाठी आयुष्य वेचले त्यांच्याविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असे ते म्हणाले. डॅनियल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याचा त्यांनी आधार घेतला. स्वाभिमान, शील आणि स्वातंत्र्य यांची किंमत मोजून कोणाचे उपकार मानता येत नाहीत, असा त्याचा आशय. ते राजकारणातल्या विभूतिपूजेविषयी बोलत होते. पण मी ते वाचतो तेव्हा मला घुंगरांची काठी ऐकू येते. कृतज्ञता ही सक्तीने घेतली जाणारी वस्तू होऊ शकते, हे ज्याच्या जातीने शतकानुशतके भोगले तोच माणूस ही मर्यादा इतक्या नेमकेपणे सांगू शकतो.

ही सक्ती संपली असे कोणी समजू नये. मी सातवीत असताना तालुक्यातल्या एका शाळेत गणवेशवाटपाचा कार्यक्रम झाला. गणवेश सरकारी योजनेतले होते. आमच्या वस्तीतल्या मुलांना व्यासपीठापुढे रांगेत उभे केले होते आणि प्रमुख पाहुण्यांचे आभार आम्ही एका सुरात मानायचे होते. त्याची तालीम तीन दिवस चालली. कोणी हळू बोलले की छडी बसे. संध्याकाळी वडील कापूस वेचून आले. गणवेश हातात घेऊन त्यांनी शिवण तपासली आणि विचारले, "हे कायद्यानं भेटलं ना?" मी हो म्हटले. "मंग आभार कायचे मानले रे?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. तो गणवेश मी दोन वर्षे घातला.

आजोबा १९५६ मध्ये दीक्षेला गेले होते. मिळेल त्या वाहनाने खामगाव, पुढे जलंब स्टेशनावरून रेल्वेने नागपूर. परत आले ते बावीस प्रतिज्ञा घेऊन. देव मानणार नाही, पूजणार नाही. विठोबाची तसबीर त्यांनी स्वतः भिंतीवरून उतरवली आणि नदीत सोडली. पणजोबा तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत, असे आजी सांगते. नंतर 'जोहार' गेला आणि त्या जागी 'जय भीम' आला. हा शब्द कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केला, म्हणजे तोही विदर्भाचाच. वाकून घालायच्या नमस्काराची जागा ताठ उभे राहून घालायच्या नमस्काराने घेतली. पाटलाला त्याचा राग आला, याचे कारण धर्म बदलला हे नव्हते. त्याचे थकीत येणे कायमचे बुडाले होते.

आजीची जात्यावरची गाणी मात्र बंद झाली नाहीत. चाली त्याच राहिल्या, नाव बदलले. विठोबाच्या जागी भीमराव आला, पंढरीच्या जागी नागपूर. गावोगावी आमच्या बायांनी हेच केले. आपल्या काही विचारवंतांना यात जुन्या भक्तीची पुनरावृत्ती दिसते. धोका मीही नाकारत नाही. आभार मानता मानता माणूस वाचायचे थांबतो, आणि मग बाबासाहेबांच्याच नावाने कोणी दारात येऊन वसुली करू लागतो. निवडणुकीच्या दिवसांत आपण हे पाहतो. पण त्या बायांना मी भोळ्या म्हणणार नाही. देवाने आपल्याला काय दिले हे सांगताना चोखोबाजवळ दाखवायला काही नव्हते. आजी जेव्हा भीमरावाचे आभार गाते तेव्हा ती नातवाची शाळा, मुलाची जमीन नसलेली पण वेठ नसलेली मजुरी, पाणवठ्यावरचा हंडा, अशी एकेक वस्तू मोजून दाखवते. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिला विचारला असता तर तिने बोटे मोडून उत्तर दिले असते.

काही वर्षांपूर्वी आजीने हट्ट धरला की मला पंढरपूर दाखव. आम्ही बौद्ध, घरात बुद्ध आणि बाबासाहेबांखेरीज तसबीर नाही. वडील म्हणाले, म्हातारी झाली, ने. वारीचे दिवस नव्हते, गर्दी बेताची होती. महाद्वाराशी नामदेवाची पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी. माणसे तिला हात लावून आत जात होती. कोणाला कोणी जात विचारत नव्हते. मी म्हटले, "चाल ना आजी, आत जाऊन येऊ. आता कोणी अडवत नाही."

ती समाधीच्या कडेला बसली. पदरात बांधून आणलेली भाकर तिने सोडली, त्यातली अर्धी मला दिली.

"आत काय हाय माह्यं?" ती म्हणाली. "मामाजी इथलोकच येत. मी त्यायले सांगाले आली, का आता आपण भाकर मांगत नाही म्हणून."

भाकर खाऊन होईपर्यंत आम्ही तिथे बसलो. मग पाच वाजताची एस.टी. होती.